प्रपोजल फॉर्मवरचं ‘नाही’

आत्या सासरहून परत आली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आमच्या घरात ती गोष्ट इतक्यांदा निघाली आहे, की तो दिवस मीच पाहिलाय असं मला वाटतं.

तिला फिट यायची. लग्नाआधी चार-पाच वेळा आली होती. आजोबांनी मंचरच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या आणि घरात सगळ्यांना बजावलं, की हे उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. लग्न झालं. आत्या गोळ्यांची पाकिटं साडीच्या घडीत दडवून सासरी गेली. तिथं एका खोलीत सात माणसं. गोळी तोंडात टाकायलाही कुणाची पाठ मिळेना. तिनं गोळ्या सोडून दिल्या. लग्नानंतर सातव्या महिन्यात भावकीतल्या एका बारशाला पंगतीत वाढता वाढता ती पडली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिला एसटीत बसवलं आणि पिंपळवंडीला आणून सोडलं. माणूस चहाला थांबला नाही, हे आजी शेवटपर्यंत सांगायची.

त्यानंतर आमचं सगळंच अडलं. धाकट्या आत्याची ठरत आलेली सोयरीक मोडली. ‘त्यांच्या घरात आहे ते’ एवढ्या चार शब्दांवर तिला पाच वर्षं कुणी पाहायला आलं नाही. दीड एकर जमीन, विहिरीचं पाणी जानेवारीपर्यंत, आणि घरात दोन लेकी. वडील तेव्हा नववीत होते. त्यांचं नाव शाळेतून काढलं आणि मंचरला बटाट्याच्या गोदामात गोण्या शिवायला लावलं. त्यांच्या उजव्या तळहाताला दाभणाचे बारीक काळे ठिपके आहेत, ते तेव्हाचे.

आई या घरात आली ती हे सगळं होऊन गेल्यावर. माहेर अवसरी बुद्रुकचं, सातवी शिकलेली, हुशार. तिनं या गोष्टीतून स्वतःचा एक धडा काढला. तिच्या मते आत्याचं दुखणं लपवलं म्हणून संसार मोडला नव्हता, नीट लपवलं नाही म्हणून मोडला होता.

म्हणून आमच्या घरात कधी कुणी आजारी पडलं नाही. ताप आला तर ‘कणकण’ असायची. वडिलांची कंबर ‘जरा धरलेली’ असायची. शेजारीण ओट्यावरून विचारायची, “काय गं, पोरगी दिसंना आज?” आणि आई पदर सावरत सांगायची, “आभ्यास हाय तिचा.” मी आत गोधडीत कुडकुडत पडलेली असायचे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी मिरवून सांगते, आणि मिरवायचंच आहे मला. मंचरजवळच्या कॉलेजातून इंजिनिअर झाले, एसटीच्या पासवर. पण त्याच्या आधीपासूनच आमच्या आळीतले सगळे कागद माझ्याकडे यायचे. सातबारा, लाइटबिल, सोसायटीची नोटीस, बँकेचं इंग्रजी पत्र. आळीतली माणसं संध्याकाळी कागद घेऊन ओट्यावर बसायची आणि मी वाचून समजावून सांगायचे. पीकविम्याचे फॉर्म तर मी निम्म्या आळीचे भरून दिलेत. त्यामुळे विमा म्हणजे काय हे मला कळतं, अशी माझी खात्री होती. फॉर्म भरायचा, विसरून जायचं, आणि खात्यावर कधी काही आलंच तर हसायचं.

अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत मला एम.एस.ला प्रवेश मिळाला. बँकेनं शिक्षणाचं कर्ज दिलं. स्टँडवर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, त्यात माझ्यापेक्षा फोटो लावणाऱ्यांचे फोटो जास्त होते. त्याच वर्षी मे महिन्यात एका लग्नात जेवून आले आणि उजव्या बरगडीखाली असं दुखायला लागलं, की मला सरळ उभं राहता येईना. आईनं मला मंचरला नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पित्ताशयात दोन-तीन बारीक खडे आहेत, तेलकट-तुपकट टाळा, पुन्हा त्रास झाला तर पिशवी काढून टाकू, घाबरण्यासारखं काही नाही, असं म्हणाले. आईनं रिपोर्ट घडी करून पदराखाली धरला, तो घर येईपर्यंत तसाच.

तिला धास्ती होती, कारण नारायणगावकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला. ‘शिकून येऊ द्या, आम्ही थांबतो,’ असं त्यांनी कळवलं होतं. इतकं चांगलं स्थळ आमच्या घरात आजवर आलं नव्हतं. त्यात बारीक खड्यालाही जागा नव्हती.

जून संपता संपता आम्ही विम्याच्या एजंटकडे गेलो. मंचरला हायवेवर त्याचं छोटं ऑफिस. तो मुख्यतः पिकअप आणि ट्रॅक्टरचे विमे काढायचा. परदेशी शिकायला जाणाऱ्याची पॉलिसी त्यानं त्याआधी दोनदाच केली होती. त्यानं आईसमोर कागद सरकवला.

“मावशी, हा प्रपोजल फॉर्म. मी विचारतो, तुम्ही सांगा.”

‘प्रपोजल’ हा शब्द आईला ठाऊक होता. टीव्हीवरच्या मालिकेत असायचा, आणि आमच्याकडचे वधू-वर सूचकवालेही हल्ली ‘एक प्रपोजल आहे’ असंच म्हणतात. आई खुर्चीत सरळ बसली.

“उंची?”

“पाच-तीन,” आई म्हणाली. मी पाच-एक आहे.

“वजन?”

“पन्नास.”

“आई, सत्तावन्न.”

“गप. उन्हाळ्यात कमी व्हतंय तुझं.”

एजंट हसायला लागला. “मावशी, हे विम्याचं प्रपोजल हाय. पोरीला बघायला नाय कुणी आलेलं.”

“ते कळतंय मला. पन कागुद कुठं कुठं फिरतो ते कोन बघायला जातंय? तुमच्या हापिसात आमच्या वळखीचीच सारी येत्यात, भाऊ.”

“बरं. पूर्वीचा काही आजार? ऑपरेशन? चालू औषध?”

“न्हाई वो. कवा सर्दी झाली न्हाई तिला.”

त्यानं ‘नाही’वर खूण केली आणि पेन माझ्याकडे दिलं.

इथं मी सगळं आईवर ढकलू शकते, पण ढकलणार नाही. प्रश्न मला ऐकू आला होता. उत्तर खोटं आहे हे मला माहीत होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं आणि सही केली. अख्ख्या आळीचे कागद वाचणारीनं स्वतःचा कागद मात्र उलटूनसुद्धा पाहिला नाही.

तिकडे पोहोचल्यावर कळलं, की युनिव्हर्सिटीची स्वतःची आरोग्य विमा योजना असते आणि तिचा हप्ता फीमध्येच धरलेला असतो. तुमच्याकडे दुसरी पॉलिसी असेल तर ‘वेव्हर’ मागायचा, म्हणजे तो हप्ता लागत नाही. वेव्हर म्हणजे माफी. आमच्याकडे माफी हा शब्द कानावर पडला की कुणी पुढचं विचारत नाही, रांगेत उभं राहतात. ग्रुपवर आधीच्या बॅचच्या मुलांनी लिहिलं होतं, ‘सगळे वेव्हरच करतात.’ मीही केला. मंचरच्या पॉलिसीचा फोटो जोडला, बटण दाबलं, दोन दिवसांत मंजूर. त्या आठवड्यात मी घरी फोन करून सांगितलं, की मी खर्च वाचवला. वडील म्हणाले, “आगं, तुला लई कळतंय.”

ऑक्टोबरमध्ये रूममेटच्या वाढदिवसाला आम्ही पनीर केलं. रूममेट नागपूरची, मुलगी असूनही ‘येतो-जातो’ म्हणणारी, बिनधास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. तिनं मला ओढतच कॅम्पसवरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाईंनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, “असं आधी कधी झालं होतं?”

“नाही,” मी म्हणाले. “पहिल्यांदाच.”

त्यांनी ते टाइप केलं. की-बोर्डचा आवाज मला अजून आठवतो. त्या म्हणाल्या, “पित्ताशय वाटतंय. सोनोग्राफी लागेल, ती बाहेरच्या हॉस्पिटलात होते. तुझी विमा कंपनी आमची नाही, तर आधी त्यांची मंजुरी घे.”

मी भारतातल्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता.

“मैडम, पहले कभी ऐसी तकलीफ़ हुई थी?”

“नहीं.”

“तो कोई दिक्कत नहीं. बस अपने फ़ैमिली डॉक्टर से लिखवा के भेज दीजिए कि पहले कुछ नहीं था.”

मग त्यानं एक कलम वाचून दाखवलं. माहिती लपवली असेल तर पॉलिसी रद्द होऊ शकते, असं होतं त्यात. तो ते सगळ्यांनाच वाचून दाखवत असणार. पण मला वाटलं, माझ्यासाठीच वाचतोय.

मी आईला फोन करून तसं लिहून आणायला सांगितलं. दोन दिवसांनी तिचा उलट फोन आला.

“गेले व्हते मी डॉक्टरकडं. सारं पेशंट उठू दिलं, मग आत गेले. म्हनलं, येवढं लिवून द्या, तिला काय नव्हतं म्हनून.”

“मग?”

“म्हनले, वहिनी, मीच बघितलेला खडा मी कसा नव्हता म्हनू? त्यांच्या रजिस्टरात हाय म्हनं.” मग आवाज उतरवून म्हणाली, “रिपोर्ट तर म्या तवाच चुलीत घातला. पन रजिस्टर काय माझ्या हातात न्हाई.”

“आई, खरं सांगून टाकू का?”

“येडी का काय तू? नारायणगाववाल्यांचा परवाच फोन आलता. गप ऱ्हा. तेलकट खाऊ नको, बास.”

सर्टिफिकेट नव्हतंच, तर मी काही पाठवलं नाही. कंपनीकडून दर आठवड्याला मेसेज यायचा, की कागदपत्रं प्रलंबित आहेत. मी तो उघडायचे आणि बंद करायचे.

त्या दिवसांत मी कागदावर कितीतरी वेळा एकच साखळी मांडली. खरं सांगितलं तर पॉलिसी रद्द होईल. पॉलिसी रद्द झाली की माझा वेव्हर खोटा ठरेल. वेव्हर खोटा ठरला की युनिव्हर्सिटी पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडवेल. नोंदणी अडली की व्हिसा. आणि खोटं बोलून आलेली मुलगी म्हणून परत पाठवलं, तर स्टँडवर फ्लेक्स लागलेला. यातलं किती खरं आणि किती माझ्या डोक्यातलं, हे कुणाला विचारायचं म्हटलं तरी आधी सगळं सांगावं लागणार होतं. तिथंच मी परत फिरायचे.

गप्प बसून राहावं तर पोट गप्प बसत नव्हतं. मी मुगाच्या वरणावर आणि मऊ भातावर आले. तेलाची बाटली रूममेटच्या कपाटात ठेवली. वर्गात दाराजवळची खुर्ची धरायचे, म्हणजे दुखायला लागलं तर पटकन बाहेर पडता येईल. मित्रमंडळींनी कुठं जेवायला बोलावलं, की अभ्यास आहे म्हणायचे. ते म्हणताना माझ्याच तोंडून आईचा आवाज आल्यासारखा वाटायचा. सुटी घेऊन भारतात जावं आणि मंचरला पिशवी काढून यावं, असंही मनात आलं. पण सेमिस्टर बुडालं असतं, लॅबमधलं काम गेलं असतं, आणि त्या कामावरच माझं राहणं-खाणं होतं. अमेरिका एवढी मोठी, आणि मला हलायला वीतभर जागा नव्हती.

नोव्हेंबरमध्ये दुपारी लॅबमध्ये पुन्हा कळ आली. मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून बसले. रूममेट शोधत आली. तिनं मोबाइल काढला.

“अँबुलन्स बोलावतो.”

“नको.”

“अगं, पांढरी पडलीस तू. काऊन नको बे?”

“आपोआप राहतं ते. अर्धा तास.”

“तुला कसं माहीत अर्ध्या तासात राहतं म्हणून?”

 ती माझ्याजवळ फरशीवर बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, “मला नको सांगू. पण कुणाला तरी सांग. अशी फरशीवर बसून एम.एस. होत नसते.”

त्या रविवारी नारायणगावच्या मुलाच्या आईंचा व्हिडिओ कॉल होता. त्यांनी विचारलं, “तब्येत काय म्हणते? थंडी सोसते का?” मी हसून म्हणाले, “एकदम छान.” माझ्या पोटाला तेव्हा गरम पाण्याची पिशवी लावलेली होती.

आत्या फोनवर बोलत नाही. व्हिडिओ कॉल असला की ती मागून जाते, हात हलवते आणि गोठ्याकडे निघून जाते. म्हणून डिसेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे आत्या निघाली, तेव्हा मी घाबरले.

“आत्या? आप्पा बरे आहेत ना?”

“समदी बरी हायेत. तुझी आई भजनाला गेलीया. म्हनून म्हनलं बोलावं.” फोन तोंडाजवळ धरावा की कानाजवळ, हे तिला कळत नसावं. आवाज येत-जात होता. “तुझं प्वाट लई दुखतंय न्हवं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कोन सांगतंय. कागुद चुलीत घातला तवा जाळ घालत मीच बसले व्हते की.”

मी म्हणाले, आई म्हणते सांगू नको.

“तुझी आई गुनाची हाय. पन ती कवा पडली न्हाई पंगतीत.” मग फोन या कानावरून त्या कानावर गेला असावा, नुसती खरखर आली. मला वाटलं फोन कटला. “समदी म्हंत्यात, मी पडले आन माझं वाटुळं झालं. आगं, पडले तो दिस बरा व्हता. त्याच्या आदीचं सात म्हैनं न्हाई कुनी बघितलं. रोज सकाळी उठायचं आन बघायचं, आज कुनाला कळतंय का. चुलीपाशी बसले तरी भ्या, पान्याला गेले तरी भ्या. पडले, समद्यांनी बघितलं, आन मला वाटलं, सुटले बया.”

मी फोन घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिले.

“तिथं कोन हाय तुझं? ती डॉक्टरीन काय सासू हाय का तुझी? एसटीत बसवून पाठवनारंय का तुला पिंपळवंडीला?”

“एसटी नाही येत इथं, आत्या.”

“मंग झालं तर. सांगून टाक जा.”

सोमवारी मी युनिव्हर्सिटीच्या विमा कार्यालयात गेले. काउंटरवर आईच्याच वयाच्या एक बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी काय बोलायचं ते वहीत लिहून नेलं होतं. वही उघडली आणि सगळं वाचून दाखवलं. मे महिन्यातली सोनोग्राफी, प्रपोजल फॉर्म, ‘नाही’वरची खूण, वेव्हर, डॉक्टर बाईंना सांगितलेलं ‘पहिल्यांदाच’. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. वाचून झाल्यावर विचारलं, “तुला आमच्या योजनेत यायचं आहे का?”

“पण मला आधीपासून खडे आहेत.”

“हो, ते आत्ताच सांगितलंस.”

“मग ते फॉर्ममध्ये लिहावं लागेल.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. नाव, विद्यार्थी क्रमांक, जन्मतारीख, पत्ता. खाली सहीची चौकट.

“आजाराचा प्रश्न कुठंय?” मी विचारलं.

“नाही. या योजनेत तो विचारतच नाहीत. आधीचा आजार असला तरी उपचार मिळतात.”

मी त्यांना पान खाली सरकवायला लावलं, अगदी शेवटपर्यंत. खरंच नव्हता. दोन महिने ज्या प्रश्नाच्या भीतीनं मी भात आणि मुगाच्या पाण्यावर काढले, तो प्रश्न तिथं कुणी विचारतच नव्हतं. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

त्यांनी मग सगळं समजावून सांगितलं. हे सेमिस्टर माझ्या वेव्हरमुळे गेलं होतं. जानेवारीत मी पुन्हा वेव्हर मागितला नाही, की योजनेत आपोआप नाव येणार होतं. आधी कॅम्पसवरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची, आणि योजनेच्या यादीतल्याच हॉस्पिटलात जायचं. यादीबाहेर गेलं की खर्च आपल्या अंगावर. मी म्हणाले, “आणि बिल आलं की कंपनी त्यातून डिडक्टिबल कापून देईल.” मंचरच्या मार्केटमध्ये कांदा विकल्याच्या हिशोबपट्टीतून हमाली-तोलाई कापतात, तशी डिडक्टिबल म्हणजे माझ्या बिलातून कापली जाणारी रक्कम असं मी धरून चालले होते. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर एक उभी रेघ काढली. “तळापासून इथपर्यंत तू भरायचं. हे डिडक्टिबल. तू इथपर्यंत आलीस, की मग आम्ही सुरू होतो.” त्या कागदावर माझ्या अर्ध्या वर्षाच्या गोंधळाचं उत्तर एका रेघेत होतं.

जायला उठले तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनाही खरं सांग. चुकीच्या इतिहासावर कुणी बरं औषध देऊ शकत नाही. आणि मधे फार दुखलं तर जानेवारीची वाट पाहू नकोस. आधी इमर्जन्सीत जा, कागद मागाहून.”

त्याच दिवशी मी डॉक्टर बाईंची नोंद दुरुस्त करून घेतली. भारतातल्या कंपनीला लिहिलं, की फॉर्मवरचं उत्तर चुकीचं होतं आणि मी दावा मागे घेते. दहा दिवसांनी उत्तर आलं. पॉलिसी राहील, पित्ताशयासाठी काही मिळणार नाही. एवढंच. माझ्या साखळीतली एकही कडी ओढली गेली नाही.

तरी जानेवारीपर्यंतचे ते चार-पाच आठवडे सोपे नव्हते. सुटका दिसत होती आणि हाताला लागत नव्हती. वेव्हरचं पान उघडायची तारीख आली तेव्हा मी ते उघडलंच नाही. माफी नको म्हणून गप्प बसणारी आमच्या घरातली मी पहिलीच असेन.

जानेवारीत सोनोग्राफी झाली. सर्जननं जुना रिपोर्ट मागितला. खडे किती वाढले ते पाहायचं होतं. मी आईला फोन केला आणि पहिल्यांदाच तिला सगळं सरळ सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “बघते,” आणि फोन ठेवला.

पुढचं मला वडिलांनी सांगितलं. आई आणि आत्या त्यांच्याबरोबर मंचरला गेल्या. बाजाराचा दिवस, दवाखाना भरलेला. आई काउंटरवर वाकून काहीतरी पुटपुटली.

“मोठ्यानं सांगा, मावशी,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “गर्दी आहे. काय पायजे?”

आईनं मागं वळून पाहिलं. बाकावर गुडघा दाखवायला आलेली मध्यस्थ बाई बसली होती. नारायणगावचं स्थळ आणलं होतं तीच. वडील म्हणाले, “तुझ्या आईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आत्याकडं बघितलं. आन मग समद्या दवाखान्याला आयकू जाईल आसं म्हनली, माझ्या पोरीचा रिपोर्ट पायजे. पित्ताच्या पिशवीत खडं हायेत. अमेरिकेत ऑपरेशन हाय तिचं.”

“मग ती बाई काय म्हणाली?”

“काय म्हनतीय. म्हनली, आगं बया, माझ्या सुनंचं गेल्या साली झालं की. आठ दिसांत खुरपायला गेली. आन तुझ्या आईला बाकावर जागा करून दिली.”

रजिस्टरवरून रिपोर्टची नवी प्रत निघाली. संध्याकाळी तिचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. फोटोच्या कडेला आईचा अंगठा आला होता. नारायणगावच्या स्थळाचं पुढं काही झालं नाही. खड्यांमुळे की पत्रिकेमुळे, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मार्चच्या सुटीत ऑपरेशन झालं. यादीतलं हॉस्पिटल, चिठ्ठी हातात, पोटावर तीन बारीक टाके, संध्याकाळी घरी. रूममेटनं गाडी हळू चालवली आणि वाटभर मला हसवायचं नाही म्हणून स्वतः गप्प बसली, हे तिच्यासाठी सोपं नव्हतं. बिल आलं. रेघेपर्यंतचं मी माझ्या लॅबच्या पगारातून तीन हप्त्यांत भरलं. वरचं बहुतेक योजनेनं भरलं.

सुटी संपली त्या सोमवारी मी वर्गात होते. एकही सेमिस्टर बुडालं नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात मी एम.एस. पूर्ण केलं.